सायकल नंतर बघा, आधी माणसाला चाकामागे घ्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या सायकल ग्रुपांचे कॅप्टन, ॲडमिन आणि राइड आयोजक यांस,

स. न. वि. वि.

पत्र पुण्यातून लिहिते आहे, पण पहाटे मरीन ड्राइव्हवर जमणारे मुंबईकर, त्र्यंबकच्या रस्त्याला लागणारे नाशिककर आणि पन्हाळ्याच्या चढावर रविवार घालवणारे कोल्हापूरकर यांनाही ते तितकंच लागू आहे. बरीच वर्षं मी रोड सायकल चालवते आणि बहुतेक वेळा ग्रुपबरोबरच चालवते. एकटीनं चालवली असती तर या खेळाचं एवढं वेड लागलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जे खुपतंय ते आडून न बोलता तुमच्यापुढे मांडते.

राइडला नवीन माणूस आला की आपली नजर आधी फ्रेमवरच्या नावाकडे जाते, मग गिअरसेटकडे, म्हणजे गिअर, चेन आणि ब्रेक यांच्या संचाकडे, मग चाकांकडे. चेहऱ्याची पाळी शेवटी येते. काही ग्रुपांत तर आता याचा लेखी नियम झाला आहे. अमुक एका दर्जाचा गिअरसेट हवा, हायब्रिड (सरळ बसून चालवायची, सपाट हँडलची सायकल) किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) नको, जुनी स्टीलची सायकल असेल तर मागच्या गटात या. हा नियम काढून टाका आणि नव्या माणसाला चाकामागे, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाला, घ्या, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. कुणावर उपकार म्हणून काढा असं मी म्हणत नाही. या नियमामागे वेगाबद्दलची जी समजूत आहे तीच मुळात चुकीची आहे, म्हणून तो जायला हवा.

पण आधी महागड्या सायकलींबद्दल बोलते, कारण त्यांना नावं ठेवणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. मला त्या अतिशय आवडतात. एका मैत्रिणीनं एकदा तिची कार्बनची सायकल मुळशीच्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवायला दिली होती. पेडलवर पाय दाबला आणि सायकल तत्क्षणी पुढे सरकली. मध्ये कुठे वाकणं नाही, दाबलेला जोर फ्रेमनं गिळणं नाही. बोटाच्या टोकाने बटण दाबलं की चेन पुढच्या दात्यांवर अलगद जाऊन बसत होती. उतारावर वेग पन्नाशीकडे गेला तरी हँडल स्थिर. पाय थांबवले की मागच्या हबची टिकटिक आणि वारा, एवढंच ऐकू येत होतं. परत देताना जिवावर आलं. अशा यंत्राचा मोह पडतो त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

त्यामागची कारागिरीही मान लववून पाहावी अशीच आहे. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सनं १९३५ मध्ये ५३१ ही स्टीलची नळी आणली. नळीची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ, म्हणजे जिथे जोड आहे तिथे ताकद आणि बाकी ठिकाणी हलकेपणा. पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या असंख्य सायकली या नळ्यांच्या बनल्या. इटलीत कांबियागो नावाच्या गावात एर्नेस्टो कोलनागो यांनी १९५४ मध्ये छोटंसं दुकान काढलं. त्यांच्या कंपनीची सी-४० ही कार्बनची फ्रेम १९९५ मध्ये पॅरिस-रूबे जिंकली. फरसबंद दगडांवरची ती शर्यत फ्रेमचा अगदी अंत पाहणारी असते, आणि तोपर्यंत कार्बन अशा रस्त्यावर टिकेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. आज आपण ज्या कार्बन फ्रेमवर बसतो तिच्यात राळेनं भिजवलेल्या कापडाचे शेकडो तुकडे असतात. ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने ते साच्यात हातानं बसवले जातात. नाव युरोपचं किंवा अमेरिकेचं असलं तरी हे हात बहुतेक वेळा तैवानमधल्या नाहीतर चीनमधल्या कामगाराचे असतात. त्या हातांचा मोबदला किमतीत आहे, आणि तो रास्तच आहे.

आणखी एक गोष्ट या मोहाला खतपाणी घालते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, नियम असा की शर्यतीतली सायकल बाजारात विकत मिळणारी असली पाहिजे. सायकलपटू ताडेय पोगाचार ज्या सायकलवर तूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची शर्यत जिंकतो तीच फ्रेम, तीच चाकं, तोच गिअरसेट तुम्ही दुकानात जाऊन घेऊ शकता. मोटारींच्या शर्यतीत असं होत नाही. जिंकणारी गाडी तुमच्या वाट्याला कधीच येत नाही. दहा-बारा लाख रुपये मोजले की जगज्जेत्याचं यंत्र घरी येतं ही या खेळाची खासियत आहे. हा मोठा आनंद आहे, आणि गोंधळाला सुरुवातही इथूनच होते. यंत्र त्याचं आहे म्हणजे वेगातला काही भाग तरी आपल्याकडे आला, असं मनाला वाटू लागतं.

यंत्र किती आणि माणूस किती, हा वाद सायकल शर्यतींच्या जन्मापासूनचा आहे. फ्रान्सच्या साँत-एतियेन गावचे पॉल द व्हिव्ही हे भटके सायकलस्वार बदलत्या गिअरांचा ध्यास घेऊन बसले होते. डोंगर चढणाऱ्या साध्या माणसाचे पाय वाचावेत हा त्यांचा हेतू. तूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज मात्र अशा सोयींच्या सक्त विरोधात होते, आणि त्या शर्यतीत डेरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारा भाग, १९३७ पर्यंत चालत नव्हता. आज ज्या गिअरसेटच्या नावावरून आपण माणसाला पुढच्या गटात घ्यायचं की नाही ते ठरवतो, त्याचा पूर्वज शर्यतवाल्यांच्या आधी हौशी भटक्यांच्या सायकलींवर फिरला आहे.

तासाच्या विक्रमाची गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल, तरी सांगते, कारण या वादाचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता, एवढाच हा विक्रम. १९७२ मध्ये एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर केले, कोलनागोंनी बनवलेल्या जेमतेम साडेपाच-सहा किलोच्या स्टीलच्या सायकलवर. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझर यांनी डिस्कची, म्हणजे आऱ्यांऐवजी थाळीसारखी भरीव, चाकं लावून ५१ किलोमीटरची हद्द ओलांडली. १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमन यांनी हात पुढे ताणलेल्या आसनात ५६.३७५ किलोमीटर गाठले. मर्क्स यांच्यापेक्षा जवळजवळ सात किलोमीटर जास्त. मग यूसीआयनं विक्रमासाठी जुन्या घडणीची सायकल सक्तीची केली आणि २००० मध्ये हेच बोर्डमन मँचेस्टरला गोल नळ्यांची फ्रेम, साधी चाकं आणि खाली वळलेलं हँडल घेऊन पुन्हा उतरले. आकडा आला ४९.४४१ किलोमीटर. मर्क्स यांच्यापेक्षा १० मीटर जास्त! चार वर्षांत माणसाचे पाय सात किलोमीटरनी ढिले पडले नव्हते. वयाचा वाटा थोडा धरला तरी मधला बहुतेक सगळा फरक हवेचा होता. शरीर हवेत कसं शिरतं, त्याचा.

आता कुणी म्हणेल, मग हा तर यंत्राच्या बाजूचा पुरावा झाला. नीट बघा. त्यातला मोठा हिस्सा आसनाचा आहे. सपाटीवर ताशी ३५ किलोमीटरनं जाताना आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेच्या त्या अडथळ्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा सायकलस्वाराच्या अंगाचा असतो. छाती, खांदे, डोकं, हलणारे पाय. फ्रेम, चाकं, बाटल्या, केबल सगळं मिळून उरलेल्या हिश्शात येतं. सायकल कितीही महाग घ्या, खांदे तुमचेच राहतात.

माझा ढोबळ हिशोब देते, तुम्ही तपासून बघा. हुडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, हात ठेवून बसलेल्या मध्यम चणीच्या माणसाला पुण्याच्या हवेत ताशी ३० किलोमीटरसाठी साधारण १५० वॉट लागतात. ताशी ४० ला तीनशेच्या पुढे. वेग एक तृतीयांशानं वाढतो आणि मेहनत दुपटीवर जाते, कारण हवेवर खर्च होणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. साध्या ॲल्युमिनियमच्या रोड सायकलऐवजी वाऱ्यासाठी घडवलेली फ्रेम घेतली तर ताशी ३० च्या वेगाला वाचतात मोजके वॉट, बोटांवर मोजण्याइतके. आणि दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाला चिकटून, तिच्या आडोशाला वारा चुकवत गेलात तर? तीस-चाळीस. फुकट. फ्रेमसाठी दहा लाख मोजून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट, समोरच्याने तुम्हाला मागे राहू दिलं एवढ्यानं मिळतं. पुढच्यालाही मागे कुणी असल्याचा किंचित फायदा होतोच.

हॉलंडमधल्या आइंटहोवन विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या अख्ख्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याचा, संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात असलेल्या स्वारावर येणारा हवेचा अडथळा एकट्याच्या तुलनेत ५ ते १० टक्क्यांवर येतो, असं त्यांना आढळलं. तूर द फ्रान्सचा सरासरी वेग हल्ली ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास असतो. तीन आठवडे हा वेग राखता येतो त्यामागे त्या पोटातल्या निवाऱ्याचा वाटा फार मोठा आहे.

चढाची गोष्ट वेगळी, तिथे वजन बोलतं. सिंहगडाला डोणज्यापासून वर लागलात की हवा मागे पडते आणि पृथ्वी ओढू लागते. पण तिथेही हिशोब करा. माणूस ७५ किलोचा, सायकल एकाची ८ किलोची आणि दुसऱ्याची ११ किलोची. ओढायचं एकूण ओझं ८३ आणि ८६ किलो. फरक साडेतीन टक्क्यांचा. पाऊण तासाच्या चढाला दीड मिनिटाचा. स्पर्धेत दीड मिनिट म्हणजे सगळं काही, हे मला मान्य आहे. रविवारच्या राइडला वर पोहोचून पिठलं-भाकरीची ऑर्डर देईपर्यंत दीड मिनिट निघून जातं. व्यावसायिक शर्यतीत तर सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नकोच, असा यूसीआयचा नियम २००० पासून आहे. आपल्यातले काही जण मात्र त्या ६.८ च्याही खाली जाण्यासाठी बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट टायटॅनियमचे लावतात. लावा, त्यात मजा आहे. फक्त त्या बोल्टवरून दुसऱ्याची लायकी ठरवू नका.

हे सगळं मी का सांगते आहे ते एका प्रसंगातून कळेल. ग्रुपचं नाव घेणार नाही. माणसं चांगली आहेत आणि असं बहुतेक ठिकाणी घडतं. चांदणी चौकात पहाटे एक तरुण आला. भोसरीतल्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा, रात्रपाळी संपवून थेट आलेला. जुनी स्टीलची गिअरची सायकल, साधी पेडल, पायात कॅनव्हासचे बूट. सायकल जुनी होती, पण चाकांना आउट नव्हता, चेन पुसलेली होती, ब्रेक पकडत होते. त्याला पुढच्या गटाबरोबर जायचं होतं. सांगण्यात आलं, “या सायकलवर तुम्हाला जमणार नाही, आम्ही कुणासाठी थांबत नाही, मागच्या गटाबरोबर या.” आवाज चढवला नाही, अपमान करायचा हेतूही नव्हता. तो काही बोलला नाही. पुढचा गट निघाला आणि तो त्यांच्या मागून, पन्नासएक मीटर अंतर ठेवून एकटाच निघाला. मी मागच्या गटात होते. पौडच्या रस्त्यावर सरळ पट्टा आला की लांबवर तो दिसायचा. पुढे रंगीबेरंगी घोळका, मध्ये मोकळा रस्ता, आणि मग हा, अंग वाकवून. चहाच्या टपरीवर आम्ही पोहोचलो तेव्हा कळलं, तो पुढच्या गटाच्या पाठोपाठ दोन-चार मिनिटांत आला होता.

आता वरचा हिशोब लावा. पुढच्या गटातला प्रत्येक जण आळीपाळीनं दुसऱ्याच्या आडोशाला होता. हा मुलगा सबंध रस्ता वारा एकट्यानं झेलत आला, जड सायकलवर, झोप न झालेल्या अंगानं. त्या सकाळी त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त ताकद कुणाच्या पायांत होती हे सांगायला पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर नको. त्यानं बाजूला उभं राहून चहा घेतला, पैसे दिले आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. त्याला चाकामागे घेतलं असतं तर गटाचा वेग कमी झाला नसता, वाढला असता. पुढे येऊन वारा झेलणारा एक खमका माणूस गटाला मिळाला असता. नुकसान गटाचं झालं आणि गटाला ते कळलंही नाही.

असे किती जण परत गेले असतील याचा विचार करून मला खरोखर वाईट वाटतं. बायकांच्या बाबतीत तर हे आणखी आडवं येतं. घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांतून एखादी जण पंधरा-वीस हजारांची हायब्रिड घेते, पहाटे साडेपाचला घर सोडण्यासाठी घरी चार प्रश्नांची उत्तरं देते आणि राइडला आल्यावर पहिला सल्ला मिळतो: “रोड बाइक घ्या, याच्यात मजा नाही.” ती पुन्हा घरी जाऊन लाखभर रुपयांची गोष्ट काढणार आहे का? ती राइडच सोडते.

सल्ला देणाऱ्यांनी थोडं थांबावं, ही वेगळी विनंती. नवा माणूस महिनाभरही चालवत नाही तोच त्याला कार्बनच्या सायकलचे हप्ते सुचवले जातात. एकाच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या दर्जाच्या फ्रेममध्ये कित्येकदा आकार तोच असतो, कार्बनच्या धाग्याचा दर्जा तेवढा बदलतो आणि वजनात शे-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो. किंमत मात्र दुपटीच्याही पुढे. हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. त्याला आधी चांगले टायर घ्यायला सांगा. एमटीबीवर आला असेल तर खडबडीत टायर काढून गुळगुळीत लावायला सांगा. सीटची उंची नीट करून द्या, कोपर वाकवून खाली बसायला शिकवा. एवढ्यावर जो फरक पडतो तो लाखभर रुपयांच्या बदलानंही पडेलच असं नाही. सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला ते चांगलं झालं, पण आयात सायकलीवर आयातशुल्क असतंच, आणि तो बोजा नवख्याच्या खांद्यावर पहिल्याच वर्षी कशाला?

आपल्या मातीतला सायकलीचा इतिहास असा नव्हता. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ मध्ये साथीदारांबरोबर निघाले आणि जगाला वळसा घालून १९२८ मध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, वाळवंटं आणि जंगलं तुडवत, त्या काळच्या जड सायकलींवर. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मान मिळायचा. हा किताब सायकलचा नव्हता, घाट चढणाऱ्याचा होता. अलीकडचं बघायचं तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची शर्यत पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पुरी केली. त्यांच्याकडे उत्तम सायकली होत्या, असायलाच हव्यात. पण आपण त्यांच्याबद्दल बोलतो तेव्हा झोप, पोट, गुडघे आणि मनाबद्दल बोलतो.

ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, आयोजकांनी या बाबतीत रस्ता दाखवलेला आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७, ६०० साठी ४०. हेल्मेट हवं, पुढे-मागे दिवे हवेत, रात्री चमकणारं जॅकेट हवं. फ्रेमचा दर्जा कुणी विचारत नाही. १८९१ पासून चालत आलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये १२०० किलोमीटर ९० तासांत करायचे असतात आणि तिथे जोडसायकली, आडवं झोपून चालवायच्या सायकली, पन्नास वर्षांपूर्वीच्या स्टीलच्या सायकली, सगळं एकाच रांगेत उभं असतं. २०२३ मध्ये आपल्या देशातून दोनशेहून अधिक जण तिथे होते. आणि एवढ्या लांब जायलाही नको. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारी बघा. कार्बनवाला आणि साध्या काळ्या सायकलवाला एकाच मुक्कामाला पोहोचतात, एकाच पंगतीत जेवतात. तिथे जमतं ते चांदणी चौकात का जमू नये?

तुमची हरकत मला माहीत आहे, आणि ती पोकळ नाही. घोळक्यात चाकाला चाक लावून ताशी ३५ नं जाताना एकाची चूक दहा जणांना आडवं करते. ज्याचे ब्रेक लागत नाहीत, ज्याला सरळ रेषेत चालवता येत नाही, तो माणूस धोका आहे. अगदी मान्य. पण हा धोका किमतीवरून ओळखता येत नाही. दहा लाखांच्या सायकलवर हात न दाखवता वळणारे मी पाहिलेत. खोल रिमची चाकं लावून आडव्या वाऱ्यात सायकल हातातून सुटू देणारे पाहिलेत. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात आपटून तडा गेलेली कार्बन फ्रेम वरून रंग देऊन तशीच चालवणारेही आहेत, आणि ती फ्रेम उतारावर दगा देते तेव्हा आधी सूचना देत नाही. सुरक्षिततेसाठीच गाळणी लावायची असेल तर ब्रेक दाबून बघा, टायर बघा, क्विक रिलीज, म्हणजे चाक पकडून ठेवणारा खटका, आवळलंय का ते बघा. मग माणसाला दहा मिनिटं चालवायला लावा आणि त्याची रेषा बघा. ही परीक्षा सगळ्यांची घ्या, जुन्या सभासदांचीही.

चाकामागे राहणं कुणाला जन्मतः येत नाही, ते शिकवावं लागतं. बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक, आहे. परवानगी काढून महिन्यातली एखादी सकाळ तिथे नवख्यांसाठी ठेवता येईल. जिथे ते नाही तिथे एखाद्या महाविद्यालयाचं मैदान, औद्योगिक वसाहतीतला सुट्टीच्या दिवशीचा मोकळा रस्ता. अंतर किती ठेवायचं, पुढच्याच्या चाकावर डोळे न खिळवता त्याच्या खांद्यावरून पलीकडे कसं बघायचं, खड्डा आला की हात कसा दाखवायचा, पुढून बाजूला होताना वेग कसा राखायचा. तासाभराचं काम आहे. ज्या ग्रुपांत हे शिकवलं जातं तिथले पुढचे गट जास्त वेगवान असतात, हे तुम्हीच कबूल कराल. हायब्रिडवर सरळ बसून कुणी ताशी ३५ नं पुढे राहून वारा झेलू शकणार नाही, तेही खरं. मग त्याला पुढे पाठवू नका; मागे ठेवा, तिसाच्या वेगाला तो आरामात येईल. दोन महिन्यांनी कुठल्या गटात जायचं ते त्याचे पायच ठरवतील.

म्हणून मागणं मोजकंच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपच्या वर्णनात आणि राइडच्या जाहिरातीत सायकलच्या प्रकाराची, गिअरसेटची जी अट घातली आहे ती काढा. तिच्या जागी वेग लिहा आणि आठवड्यातली एक राइड अशी ठेवा जिच्यात मागे पडलेल्याला आणायला कुणीतरी जातं. फोटोत सायकली ओळीने भिंतीला टेकवताना साधी सायकल बाजूला सरकवायला सांगू नका. हे मी पाहिलंय म्हणून लिहिते.

आणि ज्यांनी गेल्या काही वर्षांत दोन-तीनदा गिअरसेट बदलला त्यांच्या माळ्यावर जुने १०५, टियाग्रा, सोरा हे गिअरसेट पडून आहेत. जुनी चाकं, सीट, हँडलबार, क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट आहेत. विकून त्याचे फारसे पैसे येत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक ग्रुपनं हे सामान एका जागी गोळा करावं. शहरातला एखादा मनापासून काम करणारा मिस्त्री गाठावा, त्याची मजुरी ग्रुपनं भरावी, आणि ज्याचे पाय सायकलच्या पुढे गेले आहेत त्याला ते बसवून द्यावं. खोकं कुठे ठेवायचं हा प्रश्न असेल तर कोथरूड भागासाठी माझ्या घराचं पार्किंग आहे.

नवख्यांची राइड सुरू करणाऱ्या कुठल्याही ग्रुपसाठी रविवारी पहाटे सगळ्यांत मागे राहून शेवटच्या माणसाला सोबत आणायचं काम मी घ्यायला तयार आहे. राइड कधी आणि कुठून, तेवढं कळवा.

कळावे,

आपली,
ग्रुपमधलीच एक सायकलस्वार
पुणे